बोर्डावरची दहावी ओळ

मी एक पत्रा आहे, पण सगळे मला बोर्ड म्हणतात. सहा फूट रुंद, चार फूट उंच, पिवळा रंग आणि काळी अक्षरं. नवी मुंबईत शिरवण्याच्या अलीकडे, कारखान्यांच्या मागून जाणाऱ्या गल्लीत मी दोन लोखंडी पायांवर सहा वर्षं उभा होतो. आता उभा नाही. एका पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात, जप्त केलेल्या मोटरसायकलींच्या रांगेशेजारी भिंतीला टेकून आहे. माझ्या कोपऱ्याला तारेनं एक चिठ्ठी बांधलीय आणि तिच्यावर मला 'मुद्देमाल' म्हटलंय.

मी कुणाला मारलं नाही. कुणाला वाचवलंही नाही. पण एका माणसाच्या मरणात माझं नाव आलं, ते कसं आलं ते सांगतो.

तुर्भ्याच्या एका वर्कशॉपमध्ये मला कापलं, ठोकलं आणि टेम्पोत घालून गल्लीत आणलं. माझ्यावर अक्षरं काढली ती शिरवण्याच्या भगवान पेंटरनं. तो गावातलाच, जुना माणूस. हातात कागद धरून एकेक ओळ माझ्यावर उतरवत गेला. 'या सार्वजनिक मलवाहिनीत पुढील गोष्टी सोडण्यास सक्त मनाई आहे,' हा मथळा आणि खाली नऊ नियम. पहिला ॲसिडचा. दुसरा पेट्रोल, थिनर आणि पेट घेणाऱ्या द्रवांचा. मग उकळतं पाणी, तेल आणि ग्रीस, रंग, विषारी वायू तयार करणारी रसायनं, सिमेंट आणि राख, चिंध्या आणि प्लास्टिक. नववा नियम पावसाच्या पाण्याचा होता. तेही या लाइनीत सोडायचं नसतं, त्याची गटारं वेगळी.

नववी ओळ संपल्यावर खाली वीतभर जागा रिकामी राहिली. भगवाननं थिनरमध्ये ब्रश धुतले, समोरच्या चेंबरचं झाकण सरकवलं आणि तो थिनर आत ओतून टाकला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "अरे, आत्ताच तर लिहिलंस!"

"एवढ्याशा थिनरनी काय व्हतंय?" भगवान म्हणाला.

माझ्या आयुष्याची सुरुवात ही अशी.

पुढं मी माणसांच्या बऱ्याच सवयी पाहिल्या. माझ्यावर कुणी 'रूम भाड्याने देणे आहे' चिकटवलं, कुणी क्लासची जाहिरात. पान खाऊन थुंकणाऱ्यांना माझा उजवा पाय फार आवडायचा. गॅरेजवाले काळं तेल ओतायचे, केटरिंगवाले कढईतलं. ओतताना ते माझ्याकडे पाठ करून उभे राहत. वाचता येणारा माणूस पाठ का करतो, हे मला पहिल्या वर्षीच कळलं.

दुसऱ्या वर्षी माझ्या सावलीत रंगूबाईनं चहाची गाडी लावली. रंगूबाई साताऱ्याकडची, विधवा, पन्नाशीची. तिला वाचता येत नव्हतं. पण मला रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची ती एकटीच. "गिऱ्हाइकाच्या डोळ्याम्होरं घाण बरी दिसत न्हाय," म्हणायची. मी गल्लीत असतानाच्या शेवटच्या नवरात्रात मंडळाच्या पोरांनी तिला देवीचं एक स्टिकर दिलं. तिनं ते माझ्या नवव्या ओळीच्या खाली, त्या रिकाम्या जागेत लावलं आणि रोज त्याच्यापुढं उदबत्ती लावू लागली.

मला मोठ्यानं वाचणारा माणूस मात्र एकच भेटला. धनाजी. कोरेगाव तालुक्यातला, सातवी शिकलेला, ठेकेदाराकडे ड्रेनेज साफ करणारा. त्याच्या जोडीला कुलदीप असायचा, इथंच नेरुळला वाढलेला, चोवीस वर्षांचा. चहा येईपर्यंत धनाजी माझ्यासमोर उभा राहून एकेक नियम वाचायचा आणि प्रत्येक नियमाला कंपनीचं नाव लावायचा. "पाच नंबर, रंगवाली. चार नंबर, ते खानावळवालं. एक नंबर, आपल्या सायबांची."

साहेब म्हणजे श्यामसुंदर. समोरच्या भिंतीपलीकडे धातूच्या पट्ट्या ॲसिडमध्ये बुडवून स्वच्छ करणारा कारखाना होता. तिथला तो सुपरवायझर. सीवूड्सला फ्लॅट, इस्त्रीचा शर्ट, दुपारी चारला रंगूबाईचा कटिंग. वापरलेलं ॲसिड त्यांच्याकडे टाकीत साठवून त्यात चुन्याचं पाणी सोडायचे. ॲसिडचा जोर मरून ते निवल्याशिवाय लाइनीला सोडायचं नाही, असा नियम.

एकदा धनाजीनं त्याला बुटाचा तळ दाखवला. रबर खाल्ल्यासारखं झालं होतं. "सायेब, तुमचं पानी न्हाई निवत."

श्यामसुंदर ओशाळला. "पंपाचा प्रॉब्लेम आहे. बघतो मी."

आणि त्यानं खरंच बघितलं. आठवड्यात चुन्याचा पंप दुरुस्त करून घेतला, धनाजीला नवे गमबूटही आणून दिले. वाईट माणूस नव्हता तो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे झालं ते एखाद्या वाईट माणसानं केलं असतं तर मला सांगायला सोपं गेलं असतं.

जानेवारीतला गुरुवार. सकाळी अकराचा सुमार. चेंबर तुंबून पाणी रस्त्यावर आलं होतं. ठेकेदार ऋषी स्वतः मोटरसायकलवर आला. हे काम माणसाचं नाही, पाण्याच्या जोरानं गाळ फोडणाऱ्या मशीनच्या गाडीचं. माणसाला आत उतरवायला कायद्यानं बंदी आहे, हे धनाजीला माहीत होतं, ऋषीलाही.

"गाडी कुठाय?" धनाजीनं विचारलं.

"जेटिंगची गाडी दुसऱ्या साइटवर अडकलीय. वरून फोनवर फोन येतायत, धनाजी. दोन मिनिटांचं काम आहे. गाळ तेवढा मोकळा कर."

"पट्टा? मास्क?"

"गाडीतच आहे ना सगळं."

धनाजीनं शर्ट काढून माझ्या पायाला अडकवला. कुलदीपच्या हातात दोर होता, पण तो बादलीचा. धनाजीच्या कमरेला काहीच नव्हतं. ऋषीला फोन आला, तो बोलत बोलत गल्लीच्या तोंडाशी गेला. धनाजी लोखंडी पायऱ्यांवरून खाली उतरला.

कारखान्याच्या भिंतीपेक्षा मी हातभर उंच. त्यामुळे मला दोन्हीकडचं दिसायचं. अलीकडे चेंबर. पलीकडे टाकी आणि तिच्या तळाशी लाल चाकाचा व्हॉल्व्ह. त्या टाकीजवळ श्यामसुंदर फोन कानाला लावून उभा होता. सोमवारपासून चुन्याचा पंप परत बंद पडला होता आणि टाकी काठोकाठ भरली होती.

"सर, अजून न्यूट्रल झालेलं नाहीये," तो म्हणत होता. "ओव्हरफ्लो होईल, मान्य आहे... शॉपफ्लोअरवर माणसं आहेत, हो... पण सर, डायरेक्ट कसं... ओके. ओके सर."

त्यानं फोन खिशात टाकला. एकदा गेटकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे. भिंतीवरून अलीकडे बघायला त्याला फक्त एका विटेवर चढावं लागलं असतं. त्यानं चाक फिरवलं.

खाली गाळ होता, कुणाकुणाच्या रसायनांचा, वर्षानुवर्षं साचलेला. त्यात गंधकाचा अंश होता. अशा गाळावर ॲसिड पडलं की सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू सुटतो. तो थोडा असेल तर वास येतो. फार झाला तर नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. मला हे पुढं चौकशीच्या वेळी ऐकून कळलं. धनाजीला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

खालून त्याचा आवाज आला, "लई घाण वास यायलाय रं."

कुलदीप वाकून म्हणाला, "वर ये ना मग! टेन्शन कशाला घेतो?"

थोडा वेळ फावड्याचा आवाज आला. मग धनाजी म्हणाला, "आता गेला बघ वास."

तेच त्याचं शेवटचं बोलणं. पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला.

"धनाजीभाऊ? ओ भाऊ!" कुलदीपनं दोर टाकला आणि पाय आत घातला. एक पायरी, दुसरी पायरी. रंगूबाई गाडीमागून धावत आली आणि त्याच्या बनियनला धरून मागं ओढू लागली. बनियन फाटलं. मग तिनं त्याच्या गळ्यात हात घातला, त्याला जमिनीवर पाडलं आणि अंगावर बसली. तो तिला मारत होता. तोंडावर, छातीवर. "सोड! मरल तो! सोड ना मला!"

"मी न्हाय सोडायची," ती म्हणत होती. "मार, काय मारायचं त्ये. मी न्हाय सोडायची."

आगीचा बंब चाळीस मिनिटांनी आला. धनाजीला वर काढलं तेव्हा त्याच्या पायात श्यामसुंदरनं दिलेले गमबूट होते. गल्ली माणसांनी भरली होती. सगळ्यांचे मोबाईल खाली चेंबरकडे वळलेले. माझा फोटो कुणीच काढला नाही. काढला असता, तर पुढचं करायला ऋषी धजला नसता.

पोलीस मृतदेहाबरोबर गेले, पंचनामा दुसऱ्या दिवसावर गेला. चार वाजता ऋषी भगवान पेंटरला मागं बसवून घेऊन आला. रंगूबाई गाडी आवरत होती. तिचा ओठ फुटला होता, कुणाला अडवायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

ऋषीनं माझ्या तळाशी बोट ठेवलं. "इथं लिही. '१०. कोणीही चेंबरमध्ये उतरू नये.' अक्षरं वरच्यासारखीच पाहिजेत. जुनी दिसली पाहिजेत."

भगवान थबकला. "हितं देवी हाय."

"पिवळा मार तिच्यावर."

"देवीवर कसा मारू?"

"भगवान, तुझ्या पुढच्या वीस बोर्डांचं काम माझ्याकडे आहे."

भगवाननं स्टिकरला हात लावून तो कपाळाला लावला, डोळे मिटले आणि ब्रश फिरवला. पिवळा वाळल्यावर काळी अक्षरं काढली, वरून मूठभर धूळ चोळली. त्या गल्लीत कुणी मेलंय हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. निघताना त्यानं रंगूबाईला सवयीनं चहा मागितला. तिनं कशासाठी गाडी बंद आहे ते सांगितलं. ते ऐकून तो माझ्याकडे बघतच राहिला, आणि ब्रश न धुता तसाच गेला.

दहा दिवसांनी चौकशीसाठी नेमलेल्या अधिकारी गीतांजली मॅडम आल्या. शांत बाई, हातात फाइल. ऋषीनं त्यांना आधी माझ्यासमोर आणून उभं केलं.

"मॅडम, हा बोर्ड सहा वर्षांपासून इथं आहे. स्पष्ट लिहिलंय, कोणीही उतरू नये. मयत शिकलेला होता, रोज वाचायचा. तरीपण उतरला. आता आम्ही अजून काय करायचं, सांगा."

मॅडमनी माझा फोटो काढला, फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. म्हणजे धनाजी स्वतःच्याच चुकीनं मेला, आणि त्याचा साक्षीदार मी. माझ्या अंगावर खोटं लिहिलं होतं आणि मला ते पुसता येत नव्हतं.

"ती शेवटची वळ नवी हाय," गाडीमागून रंगूबाई म्हणाली.

सगळे वळले. ऋषी हसला. "मावशी, तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाय."

"मग?"

"वाचता येत न्हाय. पर रोज पुसते मी त्याला. तिथं वळ नव्हती. तिथं माझी देवी हुती."

तिनं पातेलं उचलायची सांडशी घेतली आणि तिच्या टोकानं माझ्या दहाव्या ओळीवर खरवडायला सुरुवात केली. ऋषी पुढं झाला, मॅडमनी हात आडवा केला. पिवळ्याच्या खपल्या पडू लागल्या. आधी लाल रंग दिसला, मग देवीची नथ, मग मुकुट. रंगूबाई खाली खाली खरवडत गेली. स्टिकरच्या तळाशी छापील अक्षरं होती.

मॅडम वाकल्या आणि त्यांनी वाचलं, "शारदीय नवरात्रोत्सव, दोन हजार चोवीस." मग सरळ होऊन ऋषीला म्हणाल्या, "सहा वर्षांपूर्वीच्या ओळीखाली तीन महिन्यांपूर्वीचं स्टिकर कसं गेलं?"

ऋषी मोबाईल काढून कुणाला तरी फोन लावू लागला. चार दिवसांनी त्याला अटक झाली. भगवाननंही खाली मान घालून सगळं कबूल केलं.

तुम्हाला वाटेल, न्याय झाला. मलाही वाटलं होतं. पण त्या दिवसापासून सगळी चौकशी माझ्या दहाव्या ओळीभोवतीच फिरत राहिली. पहिल्या ओळीकडे कुणी बघेना. चेंबरमधल्या पाण्याचा नमुना दुसऱ्या दिवशी दुपारी घेतला होता. तोवर ॲसिड वाहून पार गेलं होतं. अहवालात आलं, 'मर्यादेत'. वायू गाळातून आपोआप तयार झाला, असं धरलं गेलं.

खरा प्रश्न विचारला तो राजेश्वरीनं, धनाजीच्या बायकोनं. महिनाभरानं ती गल्लीत आली. रंगूबाईनं तिला स्टुलावर बसवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठून, अडखळत अडखळत, मला पहिल्यापासून वाचू लागली.

"एवढं सगळं वाचूनशान उतरलं व्हय ते?"

"उतरला न्हाय गं," रंगूबाई म्हणाली. "उतरवला."

राजेश्वरीनं परत पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "मग ह्यातलं कुनी काय सोडलं हुतं त्या दिवशी?"

श्यामसुंदर तेव्हा तिथंच उभा होता, हातात कटिंग घेऊन. रंगूबाईनं नकळत त्याच्याकडे बघितलं. कंपनीचं पाणी कळणारं गल्लीत आता दुसरं कोण होतं? त्यानं ग्लास गाडीवर ठेवला, भरलेला. तो गेटमधून आत गेला आणि पुन्हा कधी चहाला आला नाही.

पुढच्या आठवड्यात गॅस कटरनं माझे पाय कापले आणि मला या आवारात आणलं.

इथं श्यामसुंदर पहिल्यांदा आला तो जूनमध्ये. माझ्यासमोर एक बाक आहे, त्याच्यावर बसला. हवालदारानं विचारलं, "काय काम?"

"त्या चेंबरच्या केसबद्दल थोडं सांगायचं होतं."

"साहेब राउंडला गेलेत. बसा."

त्याचा फोन वाजला. बायकोचा, सुनीतीचा. "हो, ऑफिसमध्येच आहे," तो म्हणाला. "वरदचा शाळेचा फॉर्म मी संध्याकाळी भरतो." वीस मिनिटं बसला आणि निघून गेला. जुलैत आला, तेव्हा साहेब होते. तरीही तो दारापर्यंत जाऊन परतला.

सप्टेंबरमध्ये तो तिसऱ्यांदा आला. खूप बारीक झाला होता. या वेळी बाकावर बसला नाही. हवालदार दारातच डबा उघडून बसला होता. श्यामसुंदर त्याच्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "व्हॉल्व्ह मी सोडला."

हवालदाराचा घास हातातच राहिला. "कसला व्हॉल्व्ह?"

"ॲसिडचा. तो खाली होता तेव्हा. मला माहीत नव्हतं तो खाली आहे. पण मी बघितलंही नाही."

त्याचा जबाब तीन तास चालला. मालकाचा फोन आला होता, हे त्यानं सांगितलं. फोन आल्याची नोंद सापडली, पण फोनवर काय बोलणं झालं याची नोंद कुठून सापडणार? मालक म्हणाला, "मी पंपाची चौकशी केली. बाकी त्यानं स्वतःच्या डोक्यानं केलं." कंपनीनं श्यामसुंदरला त्याच दिवशी काढून टाकलं. आता त्या मरणाचे आरोपी दोन, ऋषी आणि श्यामसुंदर. कारखाना चालू आहे. त्या लाल चाकाजवळ दुसरा सुपरवायझर उभा असतो.

गेल्या महिन्यात एका कामासाठी दोन्हीकडच्या बायकांना इथं बोलावलं होतं. बाक एकच. एका टोकाला राजेश्वरी, दुसऱ्या टोकाला सुनीती. तासभर दोघी माझ्याकडेच बघत बसल्या, कारण समोर बघायला दुसरं काही नव्हतं.

शेवटी सुनीती म्हणाली, "ते झोपत नव्हते हो, आठ महिने."

"त्येंनी सांगितलं, हे चांगलं केलं," राजेश्वरी म्हणाली. मग पुढं म्हणाली, "पर ताई, आठ म्हैने मी पोराला सांगत हुते, तुझ्या बापाची चूक न्हाई. त्यो म्हनायचा, मग कुनाची? मला काय सांगताच येईना."

सुनीतीनं पदरानं तोंड झाकलं. राजेश्वरी उठली नाही, सरकलीही नाही. दोघी तशाच बसून राहिल्या, नाव पुकारेपर्यंत.

काल रंगूबाई जबाबावर अंगठा द्यायला आली होती. जाताना तिनं पदराच्या टोकानं माझ्यावरची धूळ पुसली आणि हवालदाराला गल्लीची खबर सांगितली. माझ्या जागी नवा बोर्ड लागलाय, छापील, चकचकीत. त्याच्यावर दहाही नियम आहेत, पहिल्या दिवसापासून. परवा चेंबर परत तुंबलं. नवा ठेकेदार म्हणाला, गाडी दुसऱ्या साइटवर आहे. आणि कुलदीप उतरला.

"अवो, मग तुम्ही थांबवलं नाहीत?" हवालदारानं विचारलं.

"ऐकतंय व्हय त्ये? धनाजी गेल्यापास्नं माझ्याशी बोलत न्हाय. बायकू पोटुशी हाय म्हनला कुनाला तरी, काम सोडून कुठं जाऊ. मी नुसता दोर आनून दिला. त्यानं गपगुमान कमरंला बांधून घेतला." तिनं हात पुढं केला. मनगटावर काळानिळा वळ उठला होता. "दुसरं टोक हितं गुंडाळून बसले. वर येस्तवर."

मला आता तळाकडून गंज लागलाय. केस संपली की मी भंगारात जाईन, माझी तक्रार नाही. पण वितळण्याआधी एक मागणं आहे. तुमच्या घराचा, हॉटेलचा, कारखान्याचा पाइप जिथं उघडतो, तिथं काही ओतण्यापूर्वी, चाक फिरवण्यापूर्वी थांबा. खाली माणूस आहे असं धरून चाला. नियम तसं म्हणत नाही. नियम म्हणतो, खाली कुणीही नसतं. पण मी सहा वर्षं त्या चेंबरच्या काठावर उभा होतो. खाली माणूस असतो.